डॉक्टरांचं दही, आईची कढी

तीन महिने माझं पोट फुगून दगडासारखं व्हायचं. गोळ्या झाल्या, ओवा झाला. ताट समोर आलं की रडू यायचं. शेवटी मेहकरच्या डॉक्टरांनी रोज प्रोबायोटिक दही खायला सांगितलं. घरी दोन म्हशी असताना मी दुकानातून दह्याचे डबे घ्यायचो आणि बसमध्ये पिशवीत लपवून आणायचो. महिनाभर खाल्लं, तरी काडीचा फरक पडला नाही. पोटात काहीतरी वाईट वाढतंय, अशी माझी खात्रीच पटली.

पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "खाता कसं?"

"आई कढी करून देते."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यातले जंतू जिवंत पोटात जायला हवेत. उकळल्यावर सगळे मरतात."

फणफणत घरी आलो. आई कढीला फोडणी देत होती. "ते दही उकळायचं नव्हतं," मी ओरडलो.

तिने गॅस बंद केला. "तुले कच्चं दही बाधते, म्हणून केलं. मंग महिनाभर मीच तुले बिमार ठेवलं काय?"

मी खाली बसलो आणि कढीसाठी वाटी पुढे केली.