पागनीसकाका आणि विकाऊ मोटार

देवासच्या पागेत कोणी विकाऊ घोडा बघायला आला की पागनीसकाका आधी घोड्याकडे नव्हे, त्या माणसाकडे बघत. तो रिकिबीत पाय घालायला निघाला की लगाम धरून विचारत, "क्यूं भिया, लेना है के बस बैठना है?" नुसता बसायला आलेला माणूस ओशाळून मागे सरे. घरी आम्हाला म्हणत, "घ्यायचं नसेल त्यानं रिकिबीत पाय घालू नये. जनावर दमतं, आणि विकणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागतो."

मी तेव्हा देवासच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि त्यांच्याच घरी एका खोलीत राहत होतो. काकांनी संस्थानाच्या पागेवर तीस वर्षं काढलेली. उंच, किडकिडीत अंग आणि घोड्यावर बसून बाहेर वाकलेले पाय. आईमागे त्यांना मोठ्या बहिणीनं, धारच्या अक्कानं वाढवलं होतं. अक्काचं पत्र आलं की ते दोनदा वाचत आणि तिसऱ्यांदा काकूंना वाचून दाखवत.

त्या चैत्रात इंदूरहून पन्नालाल नावाचा एजंट मोटार विकायला देवासला आला. "घ्यायचा विचार आहे" एवढं म्हटलं की तो टेकडीला वळसा घालून फेरी मारून आणी. आठ दिवसांत अर्धं गाव खरेदीदार झालं. मीही झालो. "माझे सासरे घेणार आहेत," असं ठोकून दिलं. माझं तर लग्नही झालेलं नव्हतं! जेवताना हे मी हसत सांगितलं. काका हसले नाहीत. म्हणाले, "तेल त्याचं जळलं मास्तर, आणि हसू तुम्हाला येतंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी धारहून तार आली. अक्का अत्यवस्थ होती, ताबडतोब निघा म्हणून कळवलं होतं. टांग्यानं, वाटेत घोडी बदलत गेलं तरी दुसरा दिवस उजाडणार. मोटारीनं दुपारपर्यंत पोचता आलं असतं. काका पागोटं बांधत होते तेवढ्यात मी धावत पन्नालालला गाठलं. खरं सांगितलं तर हा येणार नाही, अशी धास्ती वाटली. म्हणालो, "काका मोटार घेणार आहेत, पण आधी धारपर्यंत चालवून बघू म्हणतात."

मोटार दारात आली. मी काकांच्या कानात सगळं सांगितलं. पायरीवर पाय ठेवून ते क्षणभर थांबले. हातातल्या तारेकडे पाहिलं आणि बसले.

पन्नालाल खुशीत होता. इंजिनाच्या आवाजावर आवाज काढून सांगत होता, "दो महीने में एक गाड़ी नहीं बिकी, साहब. नौकरी जाने को थी. आपने बचा लिया." काका समोर बघत होते. क्षिप्रा नदी जवळ आली तसे ते म्हणाले, "भिया, गाड़ी रोको."

मी त्यांची बाही ओढली. "काका, धारला पोचल्यावर सांगा!"

"तोवर तो माझ्या नावानं सुखस्वप्नं बघत बसेल," ते म्हणाले, आणि पन्नालालकडे वळले. "मेरे को गाड़ी नहीं लेना. लेने की ताकत भी नहीं है. धार में मेरी बहन आखरी सांस ले रही है, इसलिए झूठ पे बैठ गया. अब तुम बोलो, ले चलोगे के उतर जाऊं?"

पन्नालालचा चेहरा राखेसारखा झाला. तो माझ्याकडे वळला. "क्यों मास्टर साहब? परसों आपके ससुर थे, आज इनकी बहन?"

काकांनी तार पुढे केली. तार इंग्रजीत होती; ती वाचता येणारा तिघांत मी एकटाच.

"पढ़ेगा कौन?" पन्नालालनं विचारलं. "यही ना?"

मी खोटा आहे, पण हा माणूस खरा आहे, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

"उतरिए," पन्नालाल म्हणाला.

मोटार धूळ उडवत निघून गेली. काका झपाझप चालू लागले. मी मागे. आधी एक बैलगाडी मिळाली, मग इंदुरात टांगा. दुसऱ्या दिवशी धारला पोचलो तेव्हा मंडळी अक्काला पोचवून परत येत होती. शेजारीण म्हणाली, "पहाटेपर्यंत दाराकडं डोळे लावून होत्या हो." काका ओट्यावर बसले आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मला ते एका शब्दानंही बोलले नाहीत. त्यांनी चारचौघांत माझ्या मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं.

महिन्याभरानं पन्नालाल दाराशी येऊन उभा राहिला. गावात त्याला सगळं कळलं होतं. काकांनी त्याला हाताला धरून पाटावर बसवलं. त्याचा घास तोंडापर्यंत जाईना. "मैंने यकीन नहीं किया, साहब."

"भिया," काका म्हणाले, "जिस घोड़े को दस जने झूठी एड़ लगाएं, वो ग्यारहवें को गिराएगा. इसमें घोड़े का क्या कसूर?"

मी वाढत होतो. पातेलं खाली ठेवलं आणि पन्नालालला म्हणालो, "कसूर मेरा है. ये सच बोल रहे थे, मुझे मालूम था."

पन्नालालनं मान वर केली नाही. काका माझ्याकडे वळले.

"हे क्षिप्रेवर बोलायला हवं होतंत, मास्तर," ते म्हणाले. "आता त्यांना भात वाढा."