रॅम नसलेला सर्व्हर

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षे वाचत आले, पण खरे मानून नव्हे. हाती येईल ते छापील वाचायची सवय आहे, इतकेच. आमच्या बौद्ध घरात भुताखेताचा विषयच निघत नसे. आजही माझा त्यावर विश्वास आहे असे म्हणणार नाही. घडले तसे लिहिते… हळूहळू लिहिते, कारण अलीकडे लवकर थकायला होते.

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे इथे आम्ही राहतो — राहत होतो, आता मी एकटीच. माझे यजमान शिक्षक. गावात सगळे त्यांना सरच म्हणत. कपाशी निंदताना बाया म्हणतात ती गाणी त्यांनी निवृत्तीनंतर गावोगाव फिरून रेकॉर्ड केली. सगळी मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर. दुसरी प्रत करायची राहून गेली आणि सर गेले.

आम्ही सुतक मानत नाही, पण मयतानंतर घर धुण्याची सवय काही सुटलेली नाही. माझ्या नणंदेने मनापासून घर धुतले. जमिनीवरचा सर्व्हरही वायरी उपसून, ओल्या फडक्याने आतबाहेर पुसून काढला. नंतर लावला तर पंखे फिरत, दिवा लागे, स्क्रीन मात्र काळीच.

मी तो तसाच राहू दिला असता. पण शेजारच्या गल्लीतल्या शीलाबाई रोज येत. त्यांच्या आईला, गंगूबाईंना, जाऊन वर्ष होत आले होते. त्यांनी सरांसाठी गाणी म्हटली होती; त्यांचा आवाज फक्त त्या डब्यात होता.

"फोटो हाय वो मॅडम, पण फोटो बोलत नाही. वर्षाच्या कार्यक्रमात मायले एकदा ऐकाचं हाय मले."

मोताळ्याहून विवेक आला. सरांचा विद्यार्थी, तिथे त्याचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. झाकण उघडून हसला. "आत्याबाई, याले साबण नाही लावला का?"

"लय धूळ होती रे बाप्पा!" नणंद म्हणाली. "माह्या भावाची वस्तू, तशीच ठेवू काय?"

त्याने दुसरा मॉनिटर लावला, केबल बदलली. डिस्क काढून लॅपटॉपला जोडल्या, पण दोन्ही मिळून एकच करून ठेवलेल्या, तिथे वाचता येईनात. त्या परत बसवल्या. शेवटी रॅमच्या पट्ट्या काढून खिशात टाकल्या.

"दुकानात तपासतो, काकू. पण बोर्डच गेला वाटते. शीलाबाईले सांगून द्या."

"तूच सांग," मी म्हणाले. मला त्राण नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकी लावायला त्या खोलीत गेले. मॉनिटर चालू होता. पासवर्ड विचारणारी नेहमीची स्क्रीन. मला भीती वाटली नाही… तेव्हा आश्चर्यही नाही. पासवर्ड माहीत होता. आधी गंगूबाईंची गाणी पेनड्राइव्हवर घेतली, मग बाकीची गावे. कॉपी होत राहिली, मी खुर्चीत बसून राहिले. मधेच विवेकला फोन केला.

"सुरू झाला रे."

"काय सुरू झालं?"

"सर्व्हर. गाणी कॉपी होताहेत."

"काकू, रॅम त माह्या टेबलावर हाय. तिच्याबिगर स्क्रीनच येत नाही."

"आली आहे."

"बंद नका करू. येतो मी."

तो पोचण्याआधी शेवटचे गाव कॉपी झाले आणि स्क्रीन काळी झाली. विवेकने झाकण उघडले. रॅमच्या खाचा रिकाम्या. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला तर गाणी होती, सगळी. रॅम पुन्हा बसवून पाहिली, काही नाही. बोर्ड जळाल्याचे पुढे दुकानात नक्की झाले.

चहा संपवून तो म्हणाला, "मी हे कोणाले सांगणार नाही, काकू. मले दुकान चालवाचं हाय."

वर्षाच्या दिवशी शीलाबाईंच्या अंगणात वंदना झाली आणि स्पीकर लावला. आधी सरांचा आवाज आला — "गंगूबाई, घाई नाही. दम घ्या, मंग म्हणा." मग त्या म्हणू लागल्या. दुसऱ्या ओळीला अंगणातल्या बायांनी झील धरली, शेतात धरत तशी.

शीलाबाईंनी माझा हात घट्ट धरला. "सरायनं देली शेवटी माही माय."

मी हो म्हणाले.