प्रत्येक गावात एक फाईल जास्त

६ मार्च २००२, बुधवार. काम: स्कॅन झालेल्या फायली मोजणे.

सातपूरच्या आमच्या ऑफिसात जमिनीच्या जुन्या नोंदी स्कॅन होत. एका गावाचं एक फोल्डर, एका पानाची एक फाईल. मी कॉम्प्युटरवर तीन ओळींची स्क्रिप्ट लिहिली होती. ती प्रत्येक फोल्डरात शिरायची, आतल्या फायली मोजायची आणि गावाच्या नावापुढे आकडा छापायची. तो मूळ कागदांच्या गठ्ठ्यावर लिहिलेल्या पानांच्या संख्येशी जुळला की गाव संपलं.

त्या दिवशी चांदवडकडची सगळी गावं एकेकाने जास्त भरली. ती सगळी एकाच बाईंनी स्कॅन केली होती. त्र्यंबकहून एसटीने यायच्या. वयाने मोठ्या, म्हणून आम्ही त्यांना मावशी म्हणायचो.

"एखादं पान दोनदा घेतात," साहेब म्हणाले. "लक्ष नाही त्यांचं. उद्यापासून येऊ नका म्हणून सांगा."

मावशींचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. शिवाय नवीन माणूस शिकवण्यात माझा महिना गेला असता. मी म्हटलं, "सांगते. आधी बघते."

स्क्रिप्टला आकड्याऐवजी फायलींची नावं छापायला लावली. प्रत्येक फोल्डरात पानांखेरीज 'श्री' नावाची एक फाईल होती. आत काहीच नव्हतं.

साहेबांसमोरच मावशींना विचारलं, "हे तुम्ही केलंत?"

"मग? कोऱ्या फोल्डरात एकदम कामच सुरू करू? वहीतसुद्धा आधी श्री काढतो आपण."

"वहीत तो मोजला जात नाही, मावशी."

"मग तुमच्या स्क्रिप्टला सांगा, देवाला मोजू नको म्हणून."

"काढून टाका त्या फायली," साहेब मला म्हणाले.

मी सगळे श्री पुसायची कमांड टाईप केली आणि कीबोर्ड साहेबांपुढे सरकवला. फक्त एंटर दाबायचं होतं. साहेबांनी एंटरवर बोट ठेवलं. मग तसंच उचललं.

"मोजणीच सुधारा," ते म्हणाले.

"आणि मावशींना काय सांगू?"

"काय सांगायचंय? चांदवड झालं असेल तर वणी घ्या म्हणावं."

"इथेच उभी आहे मी," मावशी म्हणाल्या.

मी स्क्रिप्टला फक्त पानांच्या फायली मोजायला लावलं. आकडे जुळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वणीकडच्या गावांची रिकामी फोल्डरं तयार करणारी स्क्रिप्ट लिहिली. शेवटच्या ओळीने प्रत्येक फोल्डरात श्री आपोआप पडत होता. मावशींचा तेवढा वेळ वाचला.