बसून वाजवायचं

आमच्या आर्वी तालुक्यात जॅझ एकाच माणसाला येत होतं, आणि तो एसटी डेपोत बसचे ब्रेक दुरुस्त करायचा! हे वाक्य मी ऑर्केस्ट्राच्या स्टेजवरून किती वेळा म्हटलं असेल, मलाच ठाऊक नाही. दर वेळी हशा पिकायचा. मग मी हात उंचावून मागे वळायचो, आणि ड्रमसेटमागून माझा मित्र काडी कपाळाला लावून सलाम करायचा. मी निवेदक, तो ड्रमर. आम्ही एकाच गावचे, एकाच वर्गातले, आणि त्याचे वडील आम्हा दोघांचेही गुरुजी.

जॅझ त्याच्याकडे आलं तेही एसटीनंच. सेवाग्रामला निघालेल्या एका परदेशी पाहुण्याची बस रस्त्यात बंद पडली, ह्यानं ती चालू करून दिली, आणि पाहुण्यानं खूश होऊन एक कॅसेट हातात ठेवली. ती कॅसेट ह्यानं टेप झिजेपर्यंत ऐकली. एकदा डेपोच्या पायरीवर जेवणाचा डबा उपडा घालून त्यानं मला सगळं समजावलं.

"पाह्य, उजवा हात म्हंजे रस्ता. तो चालतच राह्यते. डावा पाय झांजेवर, तो घड्याळ. डावा हात मधातल्या मधात गप्पा मारते. अन् उजवा पाय शहाणा, कामापुरताच बोलते. तुह्यासारखा नाई."

सायकलच्या ब्रेकची तार उसवून, तिचे धागे पंख्यासारखे फाकवून त्यानं स्वतःचे ब्रश बनवले होते. ते ड्रमवर गोल फिरवले की सुपात तांदूळ फिरवल्यासारखा आवाज यायचा. बाकीचे ड्रमर बडवायचे. हा वाजवतोय की नुसता हात फिरवतोय तेच कळायचं नाही, आणि तरी गाणाऱ्याचा सूर त्याच्यावर आरामात टेकलेला असायचा.

सगळे ड्रमर बसूनच वाजवतात. त्याच्यासाठी मात्र ती अट होती.

त्याच्या आजोबांकडे गावाचं डफडं होतं. कुणाची वरात असो की मयत, उन्हातान्हात पुढे चालायचं आणि वाजवायचं. छप्पन साली ते नागपूरहून दीक्षा घेऊन परतले आणि त्यांनी अंगणात डफडं जाळलं. गुरुजी तेव्हा दहा वर्षांचे होते. जळत्या चामड्याचा तो वास त्यांनी वर्गात आम्हाला कधी सांगितला नाही. मुलाच्या हातात पहिल्यांदा ड्रमच्या काड्या दिसल्या तेव्हा मात्र त्याला समोर बसवून सांगितला.

"वाजवायचं तर वाजव," ते म्हणाले. "पण चामडं नको. कोणाच्या वरातीपुढे तर नाहीच नाही. बसून वाजव, अन् ऐकणाऱ्यानं तुह्याकडे तोंड करून बसलं पाहिजे."

मुलानं शब्द दिला. सेटला प्लास्टिकची पानं बसवली आणि एकही वरात वाजवली नाही.

आता आमच्या घरची छप्पन सालची गोष्ट ऐका. त्याच साली माझ्या धाकट्या आजोबांचं लग्न होतं. डफडं आलं नाही. वाजल्याशिवाय चालायची सवय नसलेला घोडा वेशीवर जो अडला तो हलेना. शेवटी माझे आजोबा, गावचे मोठे माणूस, स्वतः पितळेची परात बडवत पुढे निघाले, आणि मागून घोडा! आमच्याकडे ही गोष्ट सांगितल्याशिवाय कोणतंही लग्न पार पडलं नाही. मी तर घोड्याची नक्कलसुद्धा करायचो. मित्रासमोर कैकदा केली. तोही हसायचा, असं मला वाटायचं.

गुरुजींनी मुलाचं वाजवणं कधीच ऐकलं नव्हतं. ऑर्केस्ट्रात लोक नाचतात, ऐकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मित्रानं वर्ध्यात एक सभागृह घेतलं. तासभर नुसते ड्रम, लोक खुर्च्यांवर. गुरुजी म्हणाले, "येतो." त्या एका शब्दावर हा पन्नाशीचा माणूस महिनाभर हवेत होता. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांची. तिच्यावर लावायची चिठ्ठी माझ्याकडून, माझ्या चांगल्या अक्षरात लिहून घेतली.

कार्यक्रमाला आठ दिवस होते आणि गावात माझ्या पुतण्याचं लग्न निघालं. मला एक झकास युक्ती सुचली. सेट टेम्पोवर चढवायचा!

"अबे, तू कुठं चालतं? टेम्पो चालंल. तू बसूनच राह्यशील!"

"नाई बे. बाबाले शब्द देल्ला हाये."

"मग कोणता शब्द मोडून राह्यला? उभा नाईस, चामडं नाई. अन् हे काय कोणाचं लग्न हाये? घरचं हाये."

'घरचं' ऐकून त्यानं हातातल्या काड्या खाली ठेवल्या. म्हणाला, "बाबाच्या गल्लीतून नेजो नोको."

"मोठ्या रस्त्यानंच जाऊ," मी म्हणालो.

वरात दुपारची होती. मोठ्या रस्त्यावर कापसाची गाडी कलंडलेली दिसली तसा ड्रायव्हरनं टेम्पो डावीकडे वळवला. मी पुढे चालत होतो, माइक माझ्या हातात होता. कुठे वळतोय ते मला दिसलं. 'थांब' म्हणायला एक क्षण पुरला असता. मला वाटलं, गुरुजी दुपारचे झोपलेले असतात.

ते दारात वर्तमानपत्र वाचत बसले होते.

मित्रानं त्यांना पाहिलं आणि त्याचे दोन्ही हात थांबले. डावा पाय तेवढा थांबेना. चिक्, चिक्, चिक्. ते घड्याळ आपलं चालूच. मागून आमच्याच घरचा कुणीतरी ओरडला, "ए, वाजव ना बे! थांबला काऊन?"

गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी घातली. चष्मा काढला. मुलाकडे न बघता माझ्याजवळ आले.

"तुह्या आज्याले नाई जमलं, बापू," ते हळूच म्हणाले. "तुले जमलं."

ते आत गेले आणि दाराला कडी लावली. मित्र टेम्पोवरून उतरला आणि दार ठोठावू लागला. "बाबा, उघडा ना. बाबा." वरातीला उशीर होत होता. कुणीतरी डीजे लावला आणि आम्ही पुढे गेलो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "सेट लावून ठेव. बाबा निघाले तर येतो." एवढंच बोलला. मी सेट लावला, ब्रश ड्रमवर ठेवले, चिठ्ठी खुर्चीला डकवली. सभागृह भरलं. वेळ झाली, टळली. आता लोकांना धरून ठेवणं माझं काम होतं, आणि ते मला येतं. अर्धा तास मी किस्से सांगितले. लोक डोळे पुसत हसत होते. दार उघडलं की मी बोलता बोलता तिकडे बघायचो.

तो आला नाही. पुढेही कधी वाजवायला बसला नाही. अजून डेपोत ब्रेक दुरुस्त करतो. गुरुजी वारले तेव्हा मी त्याच्या घरी गेलो होतो. त्यानं मला पाणी दिलं.

पण त्या संध्याकाळचं सांगतो. किस्से संपत आले आणि माझ्या जिभेनं आपणहून पाठ असलेलं सुरू केलं. छप्पन साल, धाकट्या आजोबांचं लग्न, वेशीवर अडलेला घोडा. मी मान झटकून घोडा केला. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतून एक बाई पदर तोंडाला लावून हसत म्हणाल्या, "पण भाऊ, त्या दिवशी डफडं आलं काऊन नाई?"

मी तोंड उघडलं. समोर माझ्या चांगल्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली खुर्ची होती. सगळे माझ्याकडे तोंड करून, शांत बसून ऐकत होते.