घायपातीचा रस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. लग्न केलं नाही, त्यामुळे बायकोला सांगायचा प्रश्नच नव्हता. मरोळच्या ऑफिसात दोन माणसं जवळची आहेत, त्यांना सांगावं असं दोन-तीनदा मनात आलं — पण प्रत्येक वेळी विषय बदलला. मीच बदलला. आता लिहायला बसलोय, तेही चार दिवस टाळून. काल बसलो तर कुंडीत माती किती आणि वाळू किती यावरच दीड पान लिहून झालं. म्हणजे बघा.

तर झाडापासूनच सुरुवात करतो. ते सोपं आहे.

माझ्या बोरिवलीच्या घरात, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, एक मोठी घायपात आहे. कोकणात बांधावर कुंपणाला लावतात, तीच जात. पण हिच्या प्रत्येक पानाला दोन्ही कडांनी पिवळा काठ आहे. नर्सरीवाले हिला काहीतरी इंग्रजी नावाने विकतात. ही माझी नव्हे, दादाची. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, मुलुंडला राहतो. विक्रोळीच्या एका कारखान्यात त्याची सगळी नोकरी झाली. तिथल्या माळ्याने त्याला निवृत्तीच्या वेळी या झाडाचं बोटभर पिल्लू दिलं होतं. दादाने ते वाढवून घमेल्याएवढं केलं. पानांची टोकं सुईसारखी, म्हणून प्रत्येक टोकावर त्याने थर्माकोलचा गोळा खोचून ठेवला होता. येणारे-जाणारे हसायचे. दादा म्हणायचा, "हसा. डोळ्यात गेलं म्हणजे कळेल."

मग दिवाळीनंतर दादाला रक्ताचा कॅन्सर निघाला. दोन महिने हॉस्पिटलात होता. घरी पाठवताना डॉक्टरांनी वहिनीला यादीच दिली — अंगात प्रतिकारशक्ती उरलेली नाही, पाहुणे नकोत, बाहेरचं खाणं नको, आणि घरात कुंड्या नकोत, मातीत बुरशी असते. तुळससुद्धा शेजारी गेली. घायपात माझ्याकडे आली. मी ती मुलुंडहून रिक्षाने आणली, कुंडी दोन पायांच्या मध्ये धरून.

दादाला मूलबाळ नाही. बाहेरची बाई ठेवायला डॉक्टर तयार नव्हते; घरात माणसं जितकी कमी तितकं बरं, म्हणाले. म्हणजे सगळं एकट्या वहिनीवर. मी हॉस्पिटलात सगळ्यांसमोर वहिनीला म्हणालो होतो, "घरी आणल्यावर मी येईन राहायला. पंधरा दिवस तू, पंधरा दिवस मी." तोंडाला मास्क होता, तरी वहिनी हसलेली कळली.

मी हे का बोललो? बोलायची वेळ होती म्हणून बोललो. त्याच दिवशी संध्याकाळी दादाजवळ एकटा बसलो होतो. त्याला उलटी झाली, मी भांडं धरलं. नंतर त्याने माझं मनगट पकडलं. डोक्यावर केस नाही, भुवया नाहीत, हात लहान मुलासारखा हलका. म्हणाला, "सुध्या, घाबरलोय रे मी." वडील आजारी पडल्यावर ज्याने कॉलेज सोडून मला शिकवलं, त्या माणसाला मी कधी घाबरलेला पाहिला नव्हता. मी "काही होत नाही रे" म्हणालो आणि पाणी आणायला म्हणून बाहेर पडलो ते अर्ध्या तासाने परत गेलो.

मला भीती वाटली असं इथे लिहिता येईल. खोटं नाही ते. पण भीती म्हटलं की जरा बरं दिसतं. खरं म्हणजे कंटाळाही होता. माझं घर, माझा संध्याकाळचा चहा, माझा पंखा, माझी शांतता — हे सोडून त्या औषधाच्या वासात पंधरा दिवस राहायचं माझ्या जिवावर आलं होतं.

फेब्रुवारीत दादा घरी आला. मी ऑफिसची कामं सांगून महिना काढला. त्या महिन्यात घायपातीची मात्र अशी सेवा केली की काय सांगू. खालची माती काढून टाकली, अर्धी वाळू-बारीक खडी घालून नवी भरली. पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तेही बोट घालून माती कोरडी आहे ना बघून. सकाळचं ऊन मिळेल अशी कुंडी सरकवायची. दुपारच्या उन्हात पिवळा काठ करपतो, म्हणून तेव्हा आत. पानांवर हायवेची धूळ बसते, ती ओल्या फडक्याने पुसायची. दर रविवारी फोटो काढून दादाला पाठवायचा. तो लगेच उत्तर द्यायचा, "झकास! माझ्यापेक्षा बरी दिसते."

मार्चमध्ये खालची तीन पानं सुकत आली होती, ती मी कापली. हातमोजे नव्हते. सुरी लावली तसा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. दोन तासांत हात पेटला — लाल चट्टे, त्यावर बारीक फोड. मला खरंच कळलं नाही कशाने. ही पहिली वेळ अपघाताची होती, एवढं तरी मला म्हणू द्या.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी हात पाहिला, मलम दिलं. ॲलर्जी वाटते, म्हणाले. मग मीच विचारलं, "डॉक्टर, भावाला कॅन्सर आहे, त्याच्याकडे राहायला जायचंय. चालेल?" ते म्हणाले, नागीण असेल असं वाटत नाही, पण असली तर त्यांना धोका आहे. बरं होईपर्यंत जाऊ नका.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला हलकं वाटत होतं. हात जळत होता आणि मी खूश होतो.

वहिनीला फोन केला. ती मूळची कणकवलीकडची, तीस वर्षं मुलुंडला राहूनही घाईत असली की मालवणीत जाते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावजी, घायपात कापलात काय? तेचो रस अंगाक लागलो तर असाच होता. आमची आई दोरासाठी कापायची, तेव्हा हात नुसते सुजायचे."

बादलीत ती तीन पानं माझ्या समोर पडली होती.

"छे," मी म्हणालो, "मी तिला हातसुद्धा लावला नाही. डॉक्टर म्हणतात नागीण असू शकते."

"मग येऊच नकात," ती म्हणाली. "मी बघतंय. तुम्ही हाताक खाजवू नकात."

माझं खोटं तिथे सुरू झालं. आणि त्याचं साधन मला तिनेच सांगितलं होतं — तिला काय माहीत?

दहा दिवसांत हात साफ झाला. वहिनीला मात्र मी ते पंधरा दिवसांनी सांगितलं. मग मार्च अखेर म्हणून ऑफिसात काम निघालं, मग मला थोडा खोकला झाला. असं करत मे उजाडला.

आता पुढचं. पुढचं मी सरळ सांगतो, कारण वळणं घेत बसलो तर पुन्हा मातीवर येईन.

मे महिन्यात गावाला वहिनीची आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, वय झालेलं, डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. तिचा भाऊ विलास गावीच असतो, त्याने फोनवर सांगितलं, ताई, येऊन बघून जा. वहिनीने मला ऑफिसात फोन केला. ती कधीच ऑफिसात फोन करत नाही.

"भावजी, मला चार दिवस जायचंय. जायचे-यायचे धरून सहा. ह्यांचं सगळं लिहून ठेवते, औषधं डब्यात दिवसावार लावून ठेवते. तुम्हाला फक्त सोबत करायची. जमेल ना?"

मी म्हणालो, "जमेल म्हणजे? शनिवारी सकाळी येतो."

शनिवारी सकाळी माझी बॅग भरलेली होती. आंघोळ झाली होती. बाल्कनीत ऊन आलं होतं, समोरच्या बिल्डिंगमधली बाई कपडे वाळत घालत होती. मी सुरी घेतली, घायपातीचं एक चांगलं, ताजं पान बुडापासून कापलं, दाबलं, आणि त्याचा रस उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत चोळला. मग मानेला चोळला. मग खुर्चीत बसलो आणि वाट पाहिली.

मला हे करताना माहीत होतं की मी काय करतोय. पुन्हा लिहितो — माहीत होतं. कुणी मला ढकललं नाही. डोकं ठिकाणावर होतं. मान जास्त भाजेल म्हणून तिथे रस कमी लावला, इतकं ठिकाणावर होतं.

साडेदहाला फोटो काढून वहिनीला पाठवला. खाली लिहिलं, "परत नागीण उठली." या वेळी डॉक्टरकडे गेलोसुद्धा नाही.

तिचा फोन आला. आधी तिने खूप जळतंय का ते विचारलं. मग म्हणाली, "बरं. राहू दे भावजी. तुम्ही तरी काय करणार? आईला विलास बघतोय. तुम्ही स्वतःला जपा." मागून दादाचा आवाज आला, "सुध्याला म्हणावं, माझी काळजी करू नको, औषध घे नीट."

तिने दुसरीकडे विचारलं असेल. नक्कीच विचारलं असेल. पण दादाजवळ जाऊ शकेल असं दुसरं होतं कोण?

त्या शनिवारपासून नवव्या दिवशी तिची आई गेली. वहिनीने अंत्यविधी स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर पाहिला. हे मला दादाने सांगितलं. विलासचा मुलगा तिकडून फोन धरून होता, रेंज सारखी जात होती. आईला उचललं तेव्हा चित्र अडकलं आणि परत आलं तोवर अंगण रिकामं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी गेलो मुलुंडला. हात बरा झाला होता. आता कुणी बोलवलं नव्हतं, तरी गेलो. वहिनीला सहा दिवस गावाला पाठवलं, आईच्या बाराव्या-तेराव्याला. दादाबरोबर राहिलो. त्याला अंघोळ घातली, पेज भरवली, भांडं धरलं. एका दुपारी तो पुन्हा घाबरला, मी त्याचा हात धरून बसून राहिलो, तासाभराने त्याला झोप लागली. जमलं. काही विशेष नव्हतं त्यात. कुणालाही जमलं असतं, मला पहिल्या दिवसापासून जमलं असतं — हे मला तेव्हा कळलं.

दादा बरा झाला. पूर्ण नाही म्हणत डॉक्टर, पण खालच्या बागेत तीन फेऱ्या मारतो, केस आलेत, भांडतो. घायपात परत न्यायला तयार नाही. तुझ्याकडे रुळली आता, म्हणतो.

गेल्या वर्षी वहिनीच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. दादाचा पहिलाच लांबचा प्रवास, सोबत हवी म्हणून मलाही नेलं. गावच्या घराच्या ओसरीवर पंगत बसली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. दादा शेजारच्या पाहुण्यांना माझी ओळख करून देत होता, "हा माझा धाकटा. माझ्या दुखण्यात याला नागीण उठली, तर माझ्या जिवाला धोका नको म्हणून आलाच नाही. दुसरा असता तर लपवून आला असता." पाहुण्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी मान खाली घालून वडा मोडला. लोकांना तो विनय वाटला असणार.

विलास पाणी वाढत होता. तो कुणाला उद्देशून बोलला नाही, सहज बोलला. "शेवटचे पाच-सहा दिवस आई दाराकडेच बघी. गाडीचो आवाज इलो की विचारी, शैला इली काय?"

शैला म्हणजे वहिनी. ती तेव्हा खिरीचं पातेलं घेऊन पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने ऐकलं की नाही मला ठाऊक नाही. वाढत वाढत ती माझ्यापर्यंत आली, वाकली, आणि म्हणाली, "भावजी, तुम्ही काहीच घेतलं नाही. खीर घ्या अजून."

मी वाटी पुढे केली. तिने वाढली. मी खाल्ली.