निघताना एकदा, थांबताना एकदा

लिंबाजी मिस्त्रींकडे गाडी नेली की ते गाडीकडे बघायचेच नाहीत. आधी मालकाला समोरच्या लोखंडी स्टुलावर बसवायचे, स्वतःचे हात पुसायचे आणि म्हणायचे, "हं, काढा आवाज." गाडी कशी वाजते ते मालकाने स्वतःच्या तोंडाने वाजवून दाखवायचं, हा त्यांचा दंडक. नुसतं "मागून काहीतरी वाजतंय" एवढ्याने त्यांचं भागत नसे. गंगाखेडला पालम रस्त्यालगत एका बाभळीखाली त्यांचं पत्र्याचं शेड होतं. त्या शेडमध्ये मी भल्याभल्यांना कुईंकुईं आणि खर्रखर्र करताना पाहिलेलं आहे.

एका हेडमास्तरांनी असा काही तालात खुळखुळाट काढला की मिस्त्री मुकाट्याने उठले, त्यांच्या सीटखाली हात घातला आणि मास्तरांचाच अडकित्ता काढून मास्तरांच्या हातात ठेवला. "घरी बाईंना सांगा सापडला म्हून," एवढंच बोलले. एका अडत व्यापाऱ्यांनी मात्र "मी काय माकड आहे का?" म्हणून गाडी परभणीला नेली. महिन्याभराने ते परत आले, गुपचूप स्टुलावर बसले आणि चांगला लांबलचक आवाज काढून दाखवला. मिस्त्रींनी हसू दाबायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वकिली सुरू करून मला चारच वर्षं झाली होती. आवाज काढायची लाज वाटली म्हणून मी गाडीची सगळी हकिगत सांगायला लागलो. मिस्त्रींनी थोडा वेळ ऐकलं आणि हात वर केला. "वकीलसाहेब, तुमी गाडीची बाजू मांडू नका. ते तिकडं कोर्टात. हितं आवाज काढा."

निजामाच्या राज्यात ते कोवळ्या वयात हैदराबादला गेले होते. तिथल्या कुणा नवाबाच्या गाड्या पुसता पुसता खोलायला शिकले. त्यामुळे बोलण्यात आमच्याकडची मराठी आणि तिकडची दखनी यांची सरमिसळ असे. शेडच्या भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि खुंटीला एक धुतलेला पांढरा सदरा, बाकी सगळं तेलकट. गाडीची चाचणी घ्यायला निघताना ते तो सदरा अंगात चढवायचे. दुसऱ्याच्या गादीवर बसायचं तर कपडे साफ पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. चाचणीला बसायचे तेही मागे. "पुढं बसनाराला रस्ता दिसतो, आवाज दिसत न्हाई," असं सांगायचे. स्वभाव तसा खाष्टच होता. कुणी काम चालू असताना गप्पा मारायला लागलं की "खामोश बसा" म्हणून तोंडावर सांगायचे, मग समोर कुणी का असेना. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण माझ्या घरात त्यांचं नाव निघालं नाही असा महिना जात नाही. त्याचं कारण सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. माझ्याकडे एक जुनी काळी विलायती गाडी होती. एका निवृत्त डॉक्टरांनी ती मला दिली होती आणि ती माझ्या बायकोपेक्षा वर्षाभरानेच लहान होती. बायकोचं, सुमनचं, पहिलंच बाळंतपण. मूल पायाळू आहे असं गंगाखेडच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं आणि आठ दिवस आधीच परभणीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन राहायला बजावलं. एसटीचं नावच काढू नका म्हणाल्या. सुमन तेव्हा पालमजवळ आमच्या गावी होती. गावाहून गंगाखेडच्या स्टेशनापर्यंत गाडी लागणारच, मग तशीच परभणीपर्यंत नेऊ, असं मी ठरवलं.

गावी माझे वडील होते. आम्ही त्यांना बापू म्हणायचो. आई मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे सुनेची काळजी घेणारे ते एकटेच. सुनेशी समोरासमोर बोलायचा त्यांना भारी संकोच. तिच्यासाठी डाळिंब आणलं की उंबरठ्यावर ठेवायचे, खाकरायचे आणि निघून जायचे. जन्म बैलगाडीत गेलेला, पण माझ्या गाडीचं त्यांना कौतुक होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी खटल्याचे कागद वाचत बसलो होतो, तेव्हा त्यांनी गाडी ओढ्यावरून पाणी आणून धुतली. मला बरं वाटलं.

सोमवारी सकाळी निघालो. मी आणि बापू पुढे, सुमन मागे उशा लावून. गाव सुटतं न सुटतं तोच मागच्या डाव्या चाकाकडून काहीतरी वाजायला लागलं. दोनदा उतरून चाक बघितलं, चारही नट घट्ट होते, हवा होती. कसाबसा गंगाखेडपर्यंत आलो आणि गाडी मिस्त्रींच्या बाभळीखाली उभी केली. सुमनला सावलीत खुर्ची दिली. तिची पाठ भरून आली होती, एका हाताने ती कंबर दाबत होती.

"काढा आवाज," मिस्त्री म्हणाले.

मी जमेल तशी खडखड केली.

"ह्यो तर पत्र्याचा झाला. कवा येतो?"

"सारखाच येतो."

मिस्त्रींनी मान हलवली. "मागं कोन बसलं व्हतं?"

"अहो, तिला कशाला त्रास?" मी म्हणालो. "तिची ही अशी अवस्था."

"कान त्यांचे हायत, साहेब. तुमी पुढं बसून रस्ता बघायलाव." मग सुमनकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, तुमी ऐकलं असंल. जसा आला तसा काढा, घाई न्हाई."

सासऱ्यासमोर मान वर न करणारी माझी बायको. तिने पदर तोंडाशी धरला आणि म्हणाली, "टक." मग बराच वेळ गप्प बसली. आणि पुन्हा, "टक."

"आन् मधी?"

"मधी काईच न्हाई. निघताना येकदा, थांबताना येकदा."

मिस्त्री हात पुसता पुसता थांबले. "उलटी घेताना?"

"तवा बी आला. जरा मोठा."

"बास, ताई. लय चांगलं सांगितलं." मग ते माझ्याकडे वळले. "बेरिंग असतं तर सारखं रडत बसलं असतं. ह्यो निघताना आन् थांबतानाच बोलायलाय. म्हंजे जे घट पायजे ते आतल्या आत सरकायलंय. असंच नेलं असतं तर चाक निघून गेलं असतं. कुटून आलाव तुमी?"

"पालमच्या अलीकडून."

त्यांनी एकदा सुमनकडे पाहिलं आणि पाना उचलला.

चाकाची टोपी काढली तर आत मधोमध आसावरचा मोठा नट, आणि त्याच्यावर काळंकुट्ट वंगण लिपलेलं. नट अडकवून ठेवणारी पिन गायब. तिच्या जागी कुंपणाची तार ओवून पीळ दिलेला. माझं डोकं फिरलं. कुणी केलं हे? परभणीच्या गॅरेजवाल्याने? गावातल्या कुणी खोडसाळपणा केला? मी एकेकाचं नाव घेऊन तावातावाने बोलायला लागलो. बापू बाभळीच्या बुंध्याला हात लावून उभे होते. मिस्त्रींनी वंगण बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. एरंडेल होतं. मोटारीला कुणी एरंडेल घालत नाही.

"वकीलसाहेब, ताईला च्या घिऊन या," ते म्हणाले. "स्टँडावरच्या हॉटेलातून आना. हितला नको, पाक करतो."

स्टँड चांगलं लांब होतं. मी गेलो. पुढचं सगळं सुमनने खुर्चीत बसून ऐकलं आणि मला नंतर सांगितलं.

मी वळणाआड होताच बापू पुढे आले. "चाक मीच उघडलं," म्हणाले. "धुताना हातानं फिरवून बघितलं, फिरंना. म्हणलं जाम झालंय. मळ्यातल्या इंजिनवाल्याचा पाना आनला, दीड आटा ढिला केला, बैलगाडीचं वंगण घातलं. पिन तुटली म्हून तार पिळली. सून जायलीय, म्हणलं, चाक हलकं फिरावं."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी पोतं झटकून जमिनीवर अंथरलं आणि बापूंना शेजारी बसवलं. "पाटील, बैलगाडीत आस जागेवर ऱ्हातो आन् चाक त्याच्यावर फिरतं. त्याला खेळ पायजेच, तुमचं बरुबर हाय. हितं आसच चाकाला घिऊन फिरतो. दोघं येक झाले पायजेत. न्हाई तर आस फिरंल आन् चाक ऱ्हाईल."

आयुष्यभर चाकं पाहिलेल्या माणसाला ते एका वाक्यात कळलं.  "म्हंजे मी सुनेला माराया निघालतो."

"मारायला कुनी वंगण घालत न्हाई, पाटील."

"लेकाला सांगू का?"

"ते तुमचं तुमी बघा. म्या सांगनार न्हाई. पर आज नको. आज त्येंला गाडी हाकायचीय, हात थरथरले तर घोटाळा व्हईल."

मी चहाची किटली घेऊन आलो तेव्हा दोघे मांडीला मांडी लावून एका पोत्यावर बसले होते. बापू जुन्या वळणाचे, गावात मिस्त्रींच्या समाजाच्या ओट्यावर ते कधी टेकले नव्हते. मला नवल वाटलं, पण विचारायला सवड नव्हती. मिस्त्री शिकंज्यात एक लोखंडी तुकडा धरून कानस चालवत होते. चाक आणि आस एकमेकांत अडकवून ठेवणारी बोटाच्या पेराएवढी पोलादी पट्टी असते, तिला ते चावी म्हणत. जुनी चावी एका कडेला चेमटली होती आणि या गाडीची नवी चावी हैदराबादेशिवाय मिळणार नव्हती.

"पण नट कुणी ढिला केला?" मी विचारलं.

"खामोश बसा, साहेब. माप चुकंल."

दोन तास कानस चालली. दुपारची रेल्वे शिट्टी देऊन निघून गेली, पुढची पार रात्री होती. सुमनच्या कमरेत कळ येऊन गेली, मग दुसरी आली. मी घड्याळ बघत होतो आणि मनातल्या मनात सगळ्या जगाला नोटिसा पाठवत होतो. शेवटी चावी बसली. मिस्त्रींनी पान्याला लांब पाइप लावला आणि तो बापूंच्या हातात दिला. "आवळा, पाटील. समदं वजन टाका." बापूंनी अंगातली होती नव्हती ती ताकद लावली. नवी पिनही मिस्त्रींनी त्यांच्याकडूनच घालून घेतली. मग पांढरा सदरा चढवला, स्वतः गाडी चालवायला बसले आणि मागच्या सीटवर बापूंना बसवलं. गाडी पालम रस्त्याने गेली, वळली, परत आली.

"काय म्हनता?" मिस्त्रींनी विचारलं.

बापू मागच्या दारातून उतरले. "वाजत न्हाई," ते म्हणाले.

"मग बसवा सुनेला."

मला त्यांनी गाडी हळू न्यायला सांगितलं आणि वाटेत दोनदा उतरून चाकाला हात लावून बघायला सांगितलं. परभणीपर्यंत मी जितक्या वेळा गाडी थांबवली आणि जितक्या वेळा काढली, तितक्या वेळा मला सुमनचं ते 'टक' आठवलं. म्हशी आडव्या आल्या की मी ब्रेक लावायचो आणि कान टवकारायचो. काही वाजलं नाही. दवाखान्याच्या फाटकात गाडी उभी राहिली तेव्हाही वाजलं नाही. सुमनला आत नेलं आणि मी चाकाजवळच मटकन खाली बसलो. इतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मुलगी झाली. पायांनी आली, डॉक्टरांना घाम फोडला, पण आली. मायलेकी सुखरूप होत्या. त्या सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात बापूंनी मला बाजूला घेतलं आणि चाकाचं सगळं सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला राग येईल असं मलाच वाटलं होतं, पण आला नाही. मी स्वतःला ओळखतो. हेच मला शेडमध्ये कळलं असतं तर मी त्यांना सुनेदेखत, परक्या माणसादेखत उभं करून उलटतपासणी घेतली असती, आणि ते पुन्हा कधी माझ्या गाडीत बसले नसते. आता ते स्वतः होऊन सांगत होते. मी आतून मुलीला आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांना रडू आवरेना, मलाही.

पाचव्या दिवशी मी गंगाखेडला आलो तो थेट शेडवर. मिस्त्री एका जीपखाली होते, नुसते पाय दिसत होते.

"मिस्त्री, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

पाय हलायचे थांबले. "म्हातारबा बोलले का?"

"बोलले."

"चावी?"

"चावीला काय झालंय? तुम्हीच केलेली. टिकली की."

ते सरपटत बाहेर आले, उठले नाहीत, तिथेच पोत्यावर बसून राहिले. त्यांना दिवसाउजेडी नुसतं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. "हैदराबादेत उस्तादानं दोनदा चावी घासलेली म्या बघितली व्हती," ते म्हणाले. "स्वताच्या हातानं कवा घासली नव्हती. ही पयली. पाच दिस जेवन गेलं न्हाई, साहेब."

मी थक्क झालो. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुमी निघालाच नसता. ताईला कळा यायलत्या. आन् आवाज न्हाई म्हनल्यावर भरवसा ठिवायलाच पायजे व्हता." त्यांनी डेऱ्यातलं पाणी घेतलं, पण तांब्या हातातच राहिला. "दोघी बऱ्या हायत म्हणलाव ना?"

"हो."

थोड्या वेळाने पुन्हा, "ताई हिंडाया-फिराया लागल्या का?"

"लागल्या."

"आन् पोरगी?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या पाच दिवसांत सगळ्यात जास्त भीती या माणसाने सोसली होती, आणि तीही एकट्याने. मी पायातल्या चपला काढल्या, त्यांच्या शेजारी पोत्यावर बसलो आणि मुलीचं सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो.