सोनागिरीतल्या दिव्यावरची कोयरी

भोपाळला लोक तलाव बघायला जातात. मी गेले बाबांकडून स्कूटरची किल्ली काढून घ्यायला. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या मालूताईंचा फोन आला होता, "परसों गेटच्या खांबालाच ठोकली गं त्यांनी! अंधेरा पडला की दिसतच नाही ना त्यांना." झालं. तत्कालमध्ये वरचा बर्थ मिळाला आणि निघाले. एका जागी बसणं मला कधीच जमलं नाही, त्यामुळे खालच्या काकांनी दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून.

तुम्ही जाणार असाल तर राणी कमलापती स्टेशनला उतरा, सोनागिरीला तिथून सोपं पडतं. रिक्षावाले दोनशे सांगतात, दीडशेला येतात. बाबा कारखान्यातून निवृत्त झाले, टाउनशिपचं क्वार्टर सुटलं, तेव्हा त्यांनी शेजारीच सोनागिरीत घर घेतलं. आई गेल्यापासून तिथे एकटेच असतात. संध्याकाळी स्कूटर काढून जुन्या दोस्तांकडे जायचं, एवढीच त्यांची चैन. तीच मी बंद करायला आले होते.

सकाळी आनंद नगरला पोहे-जिलबी खाल्ली. पोह्यांवर शेव भरपूर मागून घ्या, लाजू नका. समोर रायसेन रोडवरून ट्रक जात होते, हेडलाइटवर रंगवलेल्या भुवया, खाली काळे गोंडे. मी चाकणला गाड्यांच्या दिव्यांचे आकार ठरवते. दिवा रागीट दिसावा की हसरा, यावर आमच्याकडे महिनोन्‌महिने खल चालतो. त्यामुळे जिलबी गार झाली तरी मी आपली भुवया बघत बसले.

मग बाबांना शाहपुऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. "अंकल की नज़र तो बढ़िया है," डॉक्टर म्हणाले. बाबांनी लगेच माझ्याकडे पाहिलं. तळ्याकाठी चहा घेतला, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मग खांब का दिसला नाही?

घरी येऊन स्कूटरचा दिवा लावला आणि कळलं. डोळे ठीक होते, दिवाच झाकला गेला होता.

समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये म्हणून काचेच्या वरच्या भागाला काळा रंग लावायची जुनी पद्धत. टाउनशिपमधल्या बायकांनी त्याची नक्षी केली. शिफ्ट सुटली की एकसारख्या स्कूटरींचा लोंढा यायचा. गॅलरीतून आपली नक्षी ओळखायची आणि चहा टाकायचा. कुणाचा मोर, कुणाचं कमळ. आईची कोयरी, मरून नेलपॉलिशची, दर दसऱ्याला नव्याने गिरवलेली. ती गेल्यावर बाबा गिरवू लागले, काळ्या ऑइलपेंटने. त्यांचा हात थरथरतो. कोयरी वाढत वाढत जवळजवळ सगळी काच व्यापून बसली होती.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! "बाबा, किल्ली ठेवा तुमच्याकडेच. काच बदलू."

"काच नाही बदलायची."

"मग साफ करते."

बाबांनी काचेवर बोट ठेवलं. "माझं काढ. तिचं तेवढं राहू दे."

"अहो, माझं कामच आहे हे," मी म्हटलं आणि थिनरचा बोळा घेऊन बसले. काळा रंग सुटला. खाली आईची कोयरी दिसली, छोटीशी, ऐटदार. बोळा पुन्हा फिरला आणि तीही पुसली गेली. थिनरपुढे नेलपॉलिश टिकत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. स्क्रीनवर दिवे काढणारी बाई मी, तिथे चुकलेलं परत आणता येतं. मला रडू आलं.

बाबांनी किक मारून दिवा लावला. समोरची भिंत लख्ख उजळली.

"छान पडतोय की उजेड," ते म्हणाले. मग स्कूटर बंद करून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"बाबा, आता तर चालवता येईल तुम्हाला!"

"येईल गं. पण आता ती कुणाचीही वाटते."

पुण्याला परत येऊन आठवडा झाला. बाबा आता पायी जातात, मालूताई निर्धास्त आहेत, आणि मी घरभर येरझाऱ्या घालते. मरून नेलपॉलिश आणलंय. काचेच्या तुकड्यावर कोयऱ्या काढून बघते, एकही आईसारखी येत नाही. काल न राहवून बाबांना फोन केला.

"कोयरीचं टोक कुठे वळायचं हो, डावीकडे की उजवीकडे?"

"मी नुसता गिरवायचो गं," ते म्हणाले. "समोरून बघायची ती तुझी आई."